घरच्या सशाला सोबती: दत्तक घेण्यापासून नांदेपर्यंत

आमची चिमी रोज रात्री कपाटाच्या आरशासमोर जाऊन बसायची. आतल्या सशाला हुंगायची, दोन-तीनदा काच चाटायची आणि तिथेच अंग टाकून द्यायची. पहिल्यांदा आम्ही हसलो, फोटो काढले. वर्षभर तेच बघितल्यावर हसू येईना.

पाळीव ससे ज्याच्यापासून आले, तो युरोपातला रानससा जमिनीखाली बिळांची वसाहत करून कळपाने राहतो. आपण सशाला कितीही जीव लावला तरी त्याचे कान आणि डोळ्यांच्या कडा चाटून साफ करत नाही. पहाटे तो सगळ्यात तरतरीत असतो, तेव्हा आपण घोरत असतो. सोबती हवा, हे खरंच. पण दुसरा ससा आणून पहिल्याच्या जागेत सोडला आणि झालं, असं मात्र अजिबात नाही. अनोळखी ससे एकमेकांना फाडू शकतात. आमच्याकडे ठरवल्यापासून दोघं एकत्र झोपेपर्यंत अकरा आठवडे लागले, त्यातले तीन माझ्या उतावीळपणामुळे. ते सगळं क्रमाने सांगते.

आधी घरातल्या सशाचं बघा

पहिलं काम नसबंदी. घरच्या सशाची झाली नसेल तर बाकी सगळं थांबवा आणि ती करून घ्या. नराची साधारण चौथ्या महिन्यापासून करता येते, मादीची चार ते सहा महिन्यांची झाल्यावर. नेमकं वय तुमचे डॉक्टर ठरवतील, फक्त ते सशांची ऑपरेशनं नेहमी करणारे असावेत. कुत्र्या-मांजरांत हातखंडा असलेला प्रत्येक डॉक्टर सशात तरबेज असतोच असं नाही. फोनवर एक प्रश्न विचारून बघा: ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं का? सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि ते जिवावर बेतू शकतं. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा.

नसबंदी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी जोडी लावायला मोकळे, असंही नाही. नर त्यानंतर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो. मादीच्या अंगातली हार्मोन्स शांत व्हायलाही काही आठवडे जातात. सशीण वयात आलेली असेल तर काही सेकंदांची भेट पुरते, आणि साधारण ३१ दिवसांनी तुमच्याकडे दोनाचे आठ झालेले असतात. मादीच्या नसबंदीचं आणखी एक कारण म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांमध्ये तो फार सापडतो. जोडी लावायची नसली तरी तेवढ्यासाठी ऑपरेशन करावं, असं माझं मत.

याच फेरीत दात, कान, वजन तपासून घ्या. दुखणाईत ससा चिडका असतो. दाढेचं टोक गालाला टोचत असताना त्याच्यापुढे पाहुणा आणून बसवला, तर तो चावणारच.

आणि एक हिशेब स्वतःशी करा. ससा आठ ते बारा वर्षं जगतो. दोघांतला एक आधी जाणार, मागे राहिलेला पुन्हा एकटा पडणार, आणि तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी येणार. शिवाय जमलंच नाही तर दोघांना कायमचं वेगवेगळं ठेवायला घरात जागा आहे का? या दोन्हींचं उत्तर आधी पक्कं करा.

कोणाला आणायचं

सगळ्यात सहज जमणारी जोडी म्हणजे नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी. दोन माद्या किंवा दोन नरही जमतात, विशेषतः लहानपणापासून एकत्र असतील तर, पण नवख्या माणसाने मोठ्या वयाच्या दोन अनोळखी माद्यांचा नाद करू नये. माद्या जागेवरून फार भांडतात.

'पिल्लूच आणतो, म्हणजे ती सांभाळून घेईल' हा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पिल्लाला मोठे ससे बहुतेक वेळा सहन करतात, आठवडाभरात दोघं गळ्यात गळा घालून झोपतात आणि आपण धन्य होतो. मग तीन-चार महिन्यांचं झाल्यावर पिल्लू वयात येतं आणि एका दुपारी घरभर केसांचे पुंजके उडतात. मोठा ससा दत्तक घेतला तर त्याचा स्वभाव ठरलेला असतो, नसबंदी बहुधा झालेली असते, आणि त्याला रोज हाताळणारी माणसं तुम्हाला सांगू शकतात की हा दबंग आहे की गरीब.

त्यांना विचारायच्या गोष्टी: नसबंदी कोणत्या तारखेला झाली? लसी कोणत्या दिल्या? आधी दुसऱ्या सशासोबत राहिलाय का, आणि राहिला असेल तर जोडी का तुटली? खातो काय? लिटर ट्रे, म्हणजे शी-शू करायचा ट्रे, वापरतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमलं नाही तर परत घ्याल का? चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. काही ठिकाणी 'तुमचा ससा घेऊन या, इथेच भेटवून बघू' असंही म्हणतात. संधी मिळाली तर सोडू नका. रंग, जात, कान उभे की पडलेले, याचं सशांना सोयरसुतक नसतं. आकाराचंही फारसं नसतं.

अशा भेटीत काय बघायचं? आपल्याला वाटतं, दोघं धावत एकमेकांकडे जातील. तसं होत नाही. आमच्या चिमीने तीन ससे पाहिले. पहिल्यावर ती गुरगुरत धावून गेली. दुसरा तिला बघून कोपऱ्यात थिजला. तिसरा होता ढब्बू. तिने त्याला एकदा हुंगलं, पाठ फिरवली आणि सुकं गवत खायला लागली. त्यानेही चार हातांवर बसून स्वतःचं तोंड धुवायला घेतलं. मला वाटलं, फुकट गेला दिवस. तिथली ताई म्हणाली, "हाच न्या." दुसऱ्यासमोर खाणं आणि अंग चाटणं म्हणजे 'तुझ्यापासून मला धोका वाटत नाही'. त्याहून जास्त पहिल्या भेटीत मागू नये.

सोबती म्हणून गिनीपिग आणायचा विचार असेल तर सोडून द्या. सशाच्या एका लाथेने त्याला मोठी इजा होते, सशाच्या श्वासातले काही जंतू त्याला बाधतात, आणि दोघांचं खाणंही वेगळं.

पहिले दोन आठवडे: एकाच घरात, पण दूर

नवा ससा आला की वेगळ्या खोलीत. किमान दोन आठवडे. कानातली कीड, कोंड्यासारखी दिसणारी कातडीवरची कीड, शिंका आणि वाहतं नाक, पोटातले परजीवी हे सगळं बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या सशातही असू शकतं. रोज आधी घरच्या सशाचं खाणं-साफसफाई उरका, मग नव्याकडे जा, आणि तिथून आल्यावर हात धुवा, कपडे बदला. भांडी आणि झाडू वेगळे ठेवा.

याच काळात त्याची डॉक्टरकडे एक खेप करा. लसींचं विचारा. सशांचा रक्तस्रावी ताप १९८४ साली चीनमध्ये पहिल्यांदा दिसला आणि २०१० साली फ्रान्समध्ये त्याच्या विषाणूचा दुसरा प्रकार सापडला. लस मिळत असेल तिथे दोन्ही प्रकारांवरची घ्यावी. मिक्सोमॅटोसिस हा सशांचा आणखी एक विषाणूजन्य आजार तुमच्या भागात असेल तर त्याचीही. आणि हसू नका, पण नर आहे की मादी हेही पुन्हा तपासून घ्या. लहान सशात ते ओळखायला अवघड असतं आणि कागदावरचा 'नर' पुढे आई झाल्याच्या गोष्टी सशांच्या जगात मुबलक आहेत.

त्याचं आधीचं खाणं थोडं सोबत मागून आणा आणि नवं खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू मिसळा. सुकं गवत मात्र पहिल्या तासापासून ढीगभर. पहिल्या दिवशी तो लपून बसेल, बसू द्या. पण लेंड्या मोजल्यासारख्या बघत जा. लेंड्या बारीक झाल्या, किंवा दहा-बारा तासांत काही खाल्लंच नाही, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरला फोन लावा. प्रवास आणि नवी जागा यांच्या धसक्याने सशाचं पोट बंद पडू शकतं.

जाळीच्या दोन बाजू

क्वारंटाइन संपलं की दोघांची घरं शेजारी शेजारी लावा. मध्ये एक जाळी नको, दोन हव्यात, आणि त्यांच्यात चार-पाच बोटांचं अंतर. एकाच जाळीतून नाक घातलं तर समोरचा नाक चावतो. ओठ फाटलेले ससे मी पाहिलेत.

इथून पुढचं बरंचसं काम नाकाचं आहे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला मागचं-वरचंसुद्धा दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचा तुकडा दिसत नाही. जवळ आलेला दुसरा ससा त्याच्यासाठी आधी वास असतो. हनुवटीखालच्या ग्रंथी घासून घासून तुमच्या सशाने घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायावर 'माझं' असं लिहून ठेवलेलं असतं. आता तिथे दुसऱ्याची सही उमटणार, तेव्हा ती त्याला सवयीची करून द्यायची.

त्यासाठी रोज अदलाबदल करा. याचा लिटर ट्रे तिकडे, तिचा इकडे. अंथरलेली फडकी, चावायची खेळणीही तशीच. चार-पाच दिवसांनी ससेच बदला: तिला त्याच्या बाजूला ठेवा, त्याला तिच्या. पहिल्या अदलाबदलीला चिमीने ढब्बूच्या ट्रेमध्ये जाऊन इतक्या लेंड्या टाकल्या की गवत दिसेना, आणि मग पाय आपटून आमच्याकडे बघत बसली. हे होणारच. लिटर ट्रेची शिस्त या दिवसांत मोडते, रागावू नका. खाणं मात्र दोघांचं जाळीजवळच द्या, म्हणजे शेजाऱ्याचा वास आणि पोट भरणं या दोन गोष्टी डोक्यात एकत्र बसतात.

किती दिवस? दोन आठवडे धरून चाला, जास्त लागले तरी चालेल. जाळीवर धडका मारणं, गुरगुरणं, शेपटी ताठ करून जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालणं चालू असेल तोवर पुढे जायचं नाही. दोघं जाळीला टेकून, एकमेकांकडे दुर्लक्ष करत पाय पसरून झोपायला लागले की समजा तयारी झाली.

मी इथेच माती खाल्ली. पाचव्या दिवशी दोघं जाळीजवळ शांत बसलेली दिसली आणि मी जाळी उघडली. तीही हॉलमध्ये, म्हणजे चिमीच्या राज्यात. दोन सेकंद सगळं स्तब्ध होतं. मग दोघं एकमेकांच्या शेपटीमागे अशी गरगरली की कोण कुठे ते कळेना. मी मधे हात घातला आणि अंगठ्याला दोन टाके पडले. ढब्बूच्या पाठीवर छोटी जखम झाली. सशाची कातडी पातळ असते आणि त्याचा पू घट्ट, चीजसारखा होतो, आपोआप वाहून जात नाही. म्हणून सशाच्या चाव्याला 'बरं होईल' म्हणून सोडायचं नाही, दाखवून आणायचं. त्यानंतर आम्ही पुन्हा जाळीच्या पहिल्या दिवसावर.

समोरासमोर

जागा अशी हवी जिथे दोघांपैकी कोणीच कधी गेलेलं नाही. बाथरूम, बोळ, पाहुण्यांची खोली. घरच्या सशाचं पाऊल सगळीकडे पडलं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फरशी पुसा, वाळू द्या, आणि अनोळखी चादर किंवा पायपुसणी अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की ससा घाबरतो, आणि घाबरलेला ससा चावतो. जागा लहान असावी, पण एकाला पळता येणार नाही इतकी चिंचोळी नको. मध्ये गवताचा ढीग घाला. लपायला खोकं ठेवायचं तर दोन्ही बाजूंनी उघडं. एका तोंडाच्या खोक्यात अडकलेल्या सशाला भांडण्यावाचून पर्याय राहत नाही. हाताशी जाड हातमोजे, एक टॉवेल आणि एखादा पुठ्ठा ठेवा, दोघांच्या मधे सरकवायला. उघडा हात कधीच मधे घालायचा नाही.

मग दोघांना सोडा, स्वतः खाली फरशीवर बसा आणि गप्प राहा.

काय चालू द्यायचं आणि काय थांबवायचं, हाच सगळ्यात अवघड भाग. थोडा पाठलाग चालेल. पाठीवरचे थोडे केस उपटणं चालेल. एकमेकांवर चढणंही चालेल. नसबंदी झालेले ससेही, माद्यासुद्धा, हे करतात. 'मी मोठा की तू' हे ठरवायची ती त्यांची पद्धत. खालचा मुकाट बसला असेल तर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, मग वरच्याला हलकेच बाजूला करा. पण डोक्याच्या बाजूने चढला तर ताबडतोब उतरवा. खालच्याने त्या क्षणी चावा घेतला तर नराच्या नाजूक जागी कायमची इजा होते.

कान मागे चिकटलेले, शेपटी ताठ, अंग ताणलेलं, मग गुरगुरत झेप: हे दिसलं की पुठ्ठा मधे. दोघं डोकं-शेपटी लावून गोल फिरायला लागली की झेपेचीही वाट बघू नका. भांडण एकदा जुंपलं की सशाची स्मरणशक्ती फार वाईट अर्थाने चांगली असते.

एक दृश्य मात्र हमखास दिसेल. दोघं नाकाला नाक लावून, डोकी जमिनीला टेकवून, पुतळ्यासारखी बसतील. दोघंही म्हणत असतात, 'तू मला चाट.' चिमी आणि ढब्बू एकदा अशी अकरा मिनिटं बसली होती. मी दोघांच्या कपाळावर एकाच बोटाने हलकेच चोळलं, एकाचा वास दुसऱ्याला. शेवटी ढब्बूने हार मानली आणि तिच्या डोळ्याच्या कडेला दोनदा जीभ लावली. एकाने सतत चाटायचं आणि दुसऱ्याने चाटून घ्यायचं, असं महिनोन्‌महिने चालू शकतं. त्यात अन्याय वगैरे शोधू नका.

पहिल्या भेटी दहा-पंधरा मिनिटांच्या. भेट नेहमी बरं चाललेलं असतानाच संपवा, भांडण झाल्यावर नाही. रोज वेळ वाढवत अर्धा तास, एक तास, दुपारभर. काही जण भेटी न वाढवता सलग एक-दोन दिवस ससे एकत्र ठेवतात आणि पाळीपाळीने जागतात. जमतं तेही, पण घरात किमान दोन माणसं आणि सुट्टी हवी. एकट्याने त्या फंदात पडू नका.

दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवायचं, म्हणजे भीतीने बिलगतात आणि मैत्री होते, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. बिलगतात ते भीतीनेच. धसक्याने पोट बंद पडायचा धोका वेगळाच. मी तो सल्ला मानत नाही.

एकत्र राहणं

सलग काही दिवस पाठलाग नाही, दोघं एकाच ढिगातून खातात, अंगाला अंग लावून झोपतात, असं दिसल्यावर पहिली रात्र त्याच तटस्थ जागी काढा, आणि तुम्हीही तिथेच झोपा. एक-दोन दिवस-रात्री निर्विघ्न गेल्या की मगच राहत्या जागेत आणा. त्याआधी ती जागा व्हिनेगरने पुसून, सामान हलवून, शक्य तितकी अनोळखी करा. सुरुवातीला सगळं दुप्पट: दोन ट्रे, दोन पाण्याची भांडी, गवताच्या दोन जागा, लपायच्या दोन जागा. घर एकदम मोकळं करू नका. लहान कुंपणापासून सुरुवात करून आठवड्याभरात वाढवत न्या. जागा वाढली की जुने हक्क आठवतात आणि एखादा पाठलाग पुन्हा होतो.

महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही जमेना, तर जखमा होईपर्यंत ताणू नका. महिनाभर पूर्ण वेगळं ठेवून एकदा नव्याने करून बघा. तरीही नाहीच, तर जाळीपलीकडचे शेजारी म्हणूनही दोघं सुखाने राहू शकतात. वास येतो, हालचाल दिसते, जाळीला टेकून झोपता येतं. नाहीतर दत्तक दिलेल्या संस्थेला मोकळेपणाने सांगा. त्या सशालाही दुसरीकडे जोडीदार मिळू शकतो.

जमलेली जोडी शक्यतो वेगळी करायची नाही, एका दुपारीसुद्धा. दवाखान्यातून एकटा परत आलेला ससा औषधांचा वास घेऊन येतो, घरचा त्याला ओळखत नाही आणि मेहनतीने जमवलेलं तासाभरात विस्कटतं. चिमीच्या दाढा दर काही महिन्यांनी घासाव्या लागतात. तिच्यासोबत ढब्बूही जातो, त्याच कॅरिअरमध्ये. आत शिरला की आधी गवताच्या कोपऱ्यावर कब्जा करतो, आणि परतीच्या वाटेवर, गुंगी पुरती न उतरलेल्या चिमीचे कान घरी पोचेपर्यंत चाटत राहतो.